किती आहे ते राहू द्या, कुठे आहे ते सांगा

१८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरात मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच चालू झाले आणि सातारा-सांगलीच्या पक्षकाराची महालक्ष्मी एक्स्प्रेसची फेरी वाचली. रात्रभर प्रवास करायचा, लॉजवर आंघोळ उरकायची, कोर्टात दिवसभर ताटकळायचे आणि ‘आज बोर्डावर आलंच नाही’ हे ऐकून परतायचे, यात या भागातल्या माणसांच्या दोन पिढ्या गेल्या. वकील मंडळी चार दशकांहून अधिक काळ या मागणीसाठी भांडली. ती पुरी झाल्याचा आनंद खराच आहे. पण उच्च न्यायालय जवळ आले की न्यायमूर्तीही जवळ येतात, याकडे फारसे कुणी पाहिलेले दिसत नाही. सातारा, सांगली, सोलापूर, कोल्हापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांची कामे आता एका गावात चालतात. याच जिल्ह्यांतल्या वकिलांमधून उद्याचे न्यायमूर्ती निघतील, आणि निघावेत अशी सगळ्यांची इच्छाही आहे. त्यांची शेती इथली, ठेवी इथल्या, सोयरीक इथली. त्यांच्यासमोर उभे राहणारे कारखाने, बँका, शिक्षण संस्था आणि बिल्डरही इथलेच.

न्यायाधीशांनी आपली मालमत्ता जाहीर करावी का, हा वाद म्हणून मला दिल्लीपेक्षा साताऱ्यातून नीट दिसतो. दिल्लीत तो ‘कोणाकडे किती कोटी’ या अंगाने रंगतो. इथे बसून पाहिले की आकड्याची ओढ कमी होते आणि दुसराच प्रश्न पुढे येतो: पैसा नेमका कुठे, कुणाकडे गुंतलेला आहे?

आमच्याकडे ग्रामपंचायतीला उभे राहायचे तर माणसाला काय काय सांगावे लागते ते पाहा. जमीन किती, घर कुणाच्या नावावर, सोने किती, कर्ज कोणाचे, गुन्हे किती. मुले दोनपेक्षा जास्त आहेत का, घरात शौचालय आहे का, हेही. निवडून आल्यावर खर्चाचा हिशेब वेळेत दिला नाही तर अपात्र ठरण्याची पाळी येते. पाणंद रस्त्याचा आणि नळपाणी योजनेचा ठराव करणाऱ्या माणसावर ही सगळी बंधने आहेत, आणि ती असावीतच. विधानसभा-लोकसभेच्या उमेदवारांना मालमत्तेचे प्रतिज्ञापत्र सक्तीचे झाले ते सर्वोच्च न्यायालयाच्या २ मे २००२ च्या निकालामुळे. उमेदवाराची माहिती मिळणे हा मतदाराच्या अभिव्यक्तिस्वातंत्र्याचाच भाग आहे, असे न्यायालयाने म्हटले. त्याच वर्षी संसदेने त्यातून पळवाट काढायचा प्रयत्न केला तेव्हा १३ मार्च २००३ च्या निकालाने तीही बुजवली. २०१८ मध्ये आणखी एक पाऊल पुढे पडले. उमेदवाराने आपल्या आणि जोडीदाराच्या उत्पन्नाचा स्रोतही सांगावा, असे ठरले. तिन्ही निकाल चोख आहेत. निकाल देणाऱ्यांना मात्र तसले कोणतेच प्रतिज्ञापत्र कायद्याने द्यावे लागत नव्हते, आणि आजही लागत नाही.

यावर नेहमीचे उत्तर असे की न्यायाधीश निवडणुकीला उभा राहत नाही, त्याला मतदार नाहीत, तेव्हा हा नियम त्याला कसा लावणार? मला हे उत्तर उलटे वाटते. मतदाराला उमेदवार नको असेल तर दुसरा निवडता येतो, कोणीच नको असेल तर नोटाचे बटण आहे. पक्षकाराला न्यायाधीश निवडता येत नाही. ज्यांच्याकडे काम लागले ते लागले. ज्याच्या हाती निवड आहे त्याला माहितीचा हक्क, आणि ज्याच्या हाती काहीच नाही त्याला माहितीही नाही, हा कुठला न्याय?

आतापर्यंत जे झाले ते ठरावांवर झाले. ७ मे १९९७ रोजी, न्या. जे. एस. वर्मा सरन्यायाधीश असताना, सर्वोच्च न्यायालयाच्या सर्व न्यायमूर्तींनी मिळून ठरवले की प्रत्येकाने आपल्या, जोडीदाराच्या आणि अवलंबून असलेल्यांच्या नावावरच्या स्थावर मालमत्तेची व गुंतवणुकीची माहिती सरन्यायाधीशांना द्यावी. ती गोपनीय राहणार होती. त्याच दिवशी न्यायिक जीवनमूल्यांची एक सोळा कलमी यादीही मंजूर झाली. तिच्यातली काही कलमे आजही जपून वाचावीत अशी आहेत. ज्या कंपनीचे शेअर न्यायाधीशाकडे आहेत तिचे काम त्याने हितसंबंध उघड केल्याशिवाय आणि पक्षकारांची हरकत नसल्याशिवाय चालवू नये. शेअरची सट्टेबाजी करू नये. घरातला माणूस वकील असेल तर त्याला आपल्यासमोर उभे राहू देऊ नये.

२००७ मध्ये एका नागरिकाने माहिती अधिकारात विचारले, की १९९७ च्या ठरावाप्रमाणे न्यायमूर्तींनी माहिती दिली आहे का? किती मालमत्ता आहे हे विचारलेच नव्हते, फक्त दिली की नाही एवढेच विचारले होते. या एका ओळीच्या प्रश्नासाठी सर्वोच्च न्यायालयाचे प्रशासन केंद्रीय माहिती आयोगाच्या आदेशाविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात गेले, तिथे आधी एका न्यायमूर्तींपुढे हरले, मग जानेवारी २०१० मध्ये पूर्णपीठापुढे हरले आणि शेवटी स्वतःकडेच अपिलात आले. सरन्यायाधीशांचे कार्यालय माहिती अधिकाराच्या कक्षेत येते, हा घटनापीठाचा निकाल लागायला १३ नोव्हेंबर २०१९ उजाडले. साताऱ्याच्या दिवाणी कोर्टात वाटपाचा दावाही असाच चालतो म्हणा, पण तिथे निदान दावा लावणारा आणि निकाल देणारा वेगळा असतो.

मधल्या काळात कायद्याचे दोन प्रयत्न झाले. २००९ च्या विधेयकात न्यायाधीशांनी मालमत्ता जाहीर करावी पण ती लोकांना दाखवू नये, असे कलम होते. राज्यसभेत मांडतानाच विरोध झाला आणि सरकारला माघार घ्यावी लागली. त्याच ऑगस्टमध्ये न्यायमूर्तींनी स्वेच्छेने माहिती संकेतस्थळावर टाकायचे ठरवले. २०१० चे न्यायिक मानके व उत्तरदायित्व विधेयक मार्च २०१२ मध्ये लोकसभेत मंजूर झाले आणि २०१४ मध्ये लोकसभेबरोबरच संपले. ऑगस्ट २०२३ मध्ये सुशीलकुमार मोदी यांच्या अध्यक्षतेखालच्या संसदीय समितीने सक्तीचा कायदा करा अशी शिफारस केली. तीही कागदावर आहे.

मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाच्या एका न्यायमूर्तींच्या बंगल्याच्या आवारात आग लागली आणि जळक्या नोटांची छायाचित्रे देशाने पाहिली. त्या न्यायमूर्तींनी आरोप नाकारले आहेत. १ एप्रिलला सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींनी विवरणे सार्वजनिक करायचे ठरवले आणि ५ मे रोजी ३३ पैकी २१ जणांची विवरणे संकेतस्थळावर आली. स्वागतच आहे. पण ठराव हा ठराव असतो. तो मोडला तर शिक्षा नाही, आणि पुढच्या सरन्यायाधीशांच्या काळात त्याचा उत्साह टिकेलच असेही नाही. शिवाय त्या विवरणांवरच्या बातम्या आठवा. वकिलीत मोठी कमाई करून न्यायमूर्ती झालेल्या एकांची १२० कोटींच्या घरातली गुंतवणूक, हाच मथळा बहुतेक ठिकाणी. त्यांनी वर्षानुवर्षे भरलेल्या प्राप्तिकराचा आकडाही त्यांनी दिला होता, तो खाली कुठेतरी. आकडा मागितला की चर्चा आकड्याचीच होते, हे त्यातून दिसले.

हे झाले वरच्या कोर्टाचे. आमचा रोजचा संबंध जिल्हा न्यायालयाशी. तिथले न्यायाधीश महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ खाली येतात. आपल्या मत्ता व दायित्वांचे विवरण ते उच्च न्यायालयाकडे देतात, म्हणजे या बाबतीत खालच्या न्यायाधीशावरचे बंधन वरच्यापेक्षा पक्के आहे. फक्त ते विवरण फाइलबंद राहते. माहिती अधिकारात मागितले तर सरकारी नोकराची मालमत्ता ही वैयक्तिक माहिती आहे, असे सांगणारा सर्वोच्च न्यायालयाचा २०१२ चा निकाल उत्तरात जोडून येतो. त्यातून व्यापक जनहिताची एक फट उरत होती. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने माहिती अधिकारातला वैयक्तिक माहितीचा अपवाद आणखी रुंद केला. आता अर्ज करून मिळेल ही आशा सोडावी आणि प्रकाशन सक्तीचेच मागावे, या निष्कर्षाला मी त्यामुळे आलो आहे.

इथे साताऱ्याच्या वाचकाच्या मनात काय येणार ते मला ठाऊक आहे. डिसेंबर २०२४ मध्ये साताऱ्याच्या जिल्हा व सत्र न्यायाधीशांवर जामिनासाठी पाच लाखांची लाच मागितल्याच्या आरोपावरून लाचलुचपत प्रतिबंधक विभागाने गुन्हा नोंदवला. पुढच्या वर्षी उच्च न्यायालयाने त्यांना सेवेतून दूर केले. फौजदारी खटल्याचा निकाल न्यायालय देईल. पण पोवई नाक्यापासून राजवाड्यापर्यंत तेव्हा एकच सूर होता, की यांची मालमत्ता आधीच जाहीर असती तर? प्रामाणिकपणे सांगायचे तर काही झाले नसते. रोख लाच विवरणपत्रात कोणी लिहीत नाही. विवरणावरून उत्पन्नापेक्षा जास्तीची मालमत्ता कधीमधी पकडता येते, तेही उशिरा. लाचखोरी थांबवायला सापळा लागतो, तक्रार करायची हिंमत असलेला माणूस लागतो. मालमत्तेची विवरणे हा लाचेवरचा उपाय आहे असे सांगून ती मागणारे लोक स्वतःची बाजू कमकुवत करतात, कारण समोरचा लगेच म्हणतो, मग त्यांचा उपयोग काय?

उपयोग दुसऱ्याच रोगावर आहे, आणि त्या रोगात न्यायाधीश अगदी सचोटीचा असू शकतो. १८५२ चा इंग्लंडमधला एक खटला कायद्याचा प्रत्येक विद्यार्थी शिकतो. ग्रँड जंक्शन कालवा कंपनीचा एका जमीनमालकाशी वाद होता. लॉर्ड चॅन्सेलर कॉटनहॅम यांनी कंपनीच्या बाजूचा हुकूम कायम केला. नंतर उघड झाले की त्यांच्याकडे त्याच कंपनीचे काही हजार पौंडांचे शेअर होते. हाउस ऑफ लॉर्ड्सने तो हुकूम रद्द केला, आणि रद्द करताना म्हटले की कॉटनहॅम यांच्यावर त्या शेअरचा तिळमात्र परिणाम झाला असेल असे कोणीही म्हणणार नाही. तरीही रद्द. स्वतःच्या प्रकरणात कोणी न्यायाधीश होऊ शकत नाही, एवढ्या एका तत्त्वासाठी.

आपल्याकडे याची चांगली उदाहरणे आहेत. ओडिशातल्या नियमगिरी डोंगरावरच्या बॉक्साइट खाणीच्या प्रकरणात न्या. एस. एच. कपाडिया यांनी आपल्याकडे त्यातल्या स्टरलाइट या कंपनीचे शेअर आहेत हे खुल्या न्यायालयात सांगितले. तिथे हजर वकिलांनी हरकत घेतली नाही आणि त्यांनी काम चालवले. ते चालवावे की नाही यावर नंतर पुष्कळ वाद झाला. पण वाद घालता आला तो त्यांनी सांगितले म्हणूनच. २००९ मध्ये अंबानी बंधूंच्या गॅसच्या खटल्यात न्या. आर. व्ही. रवींद्रन यांनी आधी दोन्ही बाजूंच्या कंपन्यांचे शेअर असल्याचे सांगितले, तेव्हा कुणाची हरकत नव्हती. पुढे आपली मुलगी ज्या कायदा संस्थेत काम करते ती एका पक्षाची सल्लागार आहे हे कळताच ते बाजूला झाले. दोन्ही ठिकाणी न्यायाधीशाला आठवले आणि त्याने सांगितले. आठवले नसते तर? सांगावेसे वाटले नसते तर? पक्षकाराकडे पडताळायला काहीच नव्हते.

आणि आता आमच्या भागाकडे या. इथे कंपनीचे शेअर ही गौण गोष्ट आहे. इथली मालमत्ता म्हणजे साखर कारखान्याचे सभासदत्व, दूध संघ, पतसंस्थेतली ठेव, नागरी बँकेचा भाग, शिक्षण संस्थेचे आजीव सभासदत्व, सांगलीच्या मार्केट यार्डातला हळदीचा गाळा, पाचगणीच्या उतारावरचा प्लॉट, पाटणच्या पठारावर पवनचक्कीला दिलेली जमीन. यांतल्या प्रत्येकाभोवती खटले फिरतात. एफआरपीची (उसाच्या कायद्याने ठरलेल्या किमान दराची) थकबाकी, कारखान्याची निवडणूक, बुडालेल्या पतसंस्थेच्या संचालकांवरचे गुन्हे, संस्थाचालकांच्या दोन गटांची भांडणे, महाबळेश्वर-पाचगणीच्या २००१ च्या पर्यावरण संवेदनशील क्षेत्राच्या अधिसूचनेतली बांधकामे. दिल्लीत बसून तयार केलेल्या विवरणाच्या नमुन्यात ‘शेअर्स, म्युच्युअल फंड, सदनिका’ असे रकाने असतात. त्यात कारखान्याचा शेअर कुठे लिहायचा? लिहिला तरी दहा-पंधरा हजारांचा म्हणून नजरेआड होईल. त्या एका शेअरवर घरचा ऊस जातो, सवलतीची साखर येते आणि दर पाच वर्षांनी पॅनेलवाले दारात येतात, हे त्या रकान्यातून दिसणार नाही.

दुसरी अडचण याहून मोठी आहे. १९९७ चा ठराव आपण, जोडीदार आणि अवलंबून असलेली माणसे एवढ्यांचीच माहिती मागतो. आमच्याकडे जमीन वडिलांच्या किंवा थोरल्या भावाच्या नावावर असते. वाटण्या तोंडी झालेल्या असतात किंवा झालेल्याच नसतात. शेअर चुलत्याच्या नावावर, ऊस त्याच नावावर, बिल बँकेत त्याच खात्यावर, आणि दिवाळीला पोते न्यायाधीश झालेल्या पुतण्याच्या घरी. माझ्या घरातही हेच आहे, यात गैर काही नाही, ही कुटुंबाची रीत आहे. पण कायद्याच्या भाषेत भाऊ ‘अवलंबून’ नाही, म्हणून तो विवरणात नाही. भाऊ कारखान्याचा संचालक असला तरी नाही. सून शिक्षण संस्थेत नोकरीला असली तरी नाही. मेहुणा जिल्हा बँकेवर निवडून आलेला असला तर विचारायलाच नको.

म्हणून मला नमुना वेगळा हवा आहे. रकमा जाहीर नाही केल्या तरी चालतील, त्या बंद पाकिटात उच्च न्यायालयाकडे राहू देत. जाहीर करायची ती संस्थांची नावे. स्वतःची, जोडीदाराची, आई-वडिलांची, भावंडांची, मुलांची आणि मुलांच्या जोडीदारांची, जेवढी न्यायाधीशाला माहीत आहेत तेवढी. सभासद असेल तर सभासद, ठेवीदार असेल तर ठेवीदार, संचालक असेल तर संचालक, नोकर असेल तर नोकर. आणि जिथे स्थावर मालमत्ता आहे त्या गावाचे नाव, घर क्रमांक नको. असे एक पान असले की दावा दाखल करणाऱ्या वकिलाला दोन मिनिटांत कळेल, आपल्या कामात काही अडचण आहे का.

सगळे सभासद न्यायाधीश मग प्रत्येक कारखान्याच्या कामातून बाजूला होणार का? नाही, तसे झाले तर जिल्ह्यात काम चालवायला माणूस राहणार नाही. वीस-तीस हजार सभासदांपैकी एक असणे आणि चेअरमनचा व्याही असणे यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. पहिल्या बाबतीत सांगितले की पुरे, दुसऱ्या बाबतीत ‘नॉट बिफोर मी’, म्हणजे हे काम माझ्यापुढे नको, असा शेरा मारून फाइल दुसरीकडे पाठवावी. ही रेघ नियमाने मारता येते. आज ती प्रत्येकाच्या मर्जीवर आहे, आणि बाजूला होताना कारण लिहिण्याची सक्तीही नाही.

जिल्हा न्यायाधीशांना साधारणपणे स्वतःच्या जिल्ह्यात नेमत नाहीत आणि ठराविक काळाने बदली होते, हा या दुखण्यावरचा जुना आणि चांगला उपाय आहे. पण सोयरीक जिल्ह्याच्या हद्दीवर थांबत नाही. कऱ्हाड आणि इस्लामपूर वेगळ्या जिल्ह्यांत आहेत, लग्नाच्या पंगतीत मात्र एकाच रांगेत बसतात. आणि कोल्हापूरच्या बेंचवर बसणाऱ्या न्यायमूर्तींना तर हा बदलीचा आडोसाही तितका पक्का नाही.

यावर आमच्याकडे एक हुकमी वाक्य टाकले जाते. ‘रामशास्त्री बाणा असला की झाले.’ साताऱ्याजवळच्या माहुलीचे रामशास्त्री प्रभुणे, म्हणून आम्ही ते जरा जास्तच अभिमानाने म्हणतो. नारायणरावाच्या खुनासाठी राघोबादादाला देहान्त प्रायश्चित्त सांगून पुणे सोडणारा न्यायाधीश कोणाला नको? पण बाणा ही व्यक्तीची मिळकत असते, ती पदाबरोबर पुढच्याला मिळत नाही. शिवाय रामशास्त्र्यांची जी दुसरी गोष्ट सांगतात ती कुणी नीट ऐकत नाही. दक्षिणेच्या वेळी त्यांचा भाऊ रांगेत आला. नाना फडणवीसांनी शास्त्रीबुवांचे बंधू म्हणून भरघोस दक्षिणा सुचवली. शास्त्र्यांनी सांगितले, हा माझा भाऊ आहे, पण विद्वान नाही, इतरांना देता तेवढीच दोन रुपये द्या, भाऊ म्हणून द्यायचे ते मी घरी देईन. दंतकथा म्हणून घ्या हवी तर. तिच्यात मला साधेपणापेक्षा एक वेगळी गोष्ट दिसते. नाते चारचौघांत आधी उघड केले गेले, आणि नाते उघड असल्यामुळेच दोन रुपयांवर कोणाला शंका घेता आली नाही.

अमेरिकेचा दाखला इथे कामाचा आहे, कारण तिथे हे सगळे होऊनही काय चुकते ते दिसते. तिथल्या संघराज्य न्यायाधीशांना १९७८ च्या कायद्याने दरवर्षी आर्थिक विवरण द्यावे लागते. २०२१ मध्ये ‘वॉल स्ट्रीट जर्नल’ने ती विवरणे आणि खटल्यांच्या याद्या एकमेकींशी ताडून पाहिल्या. आपल्या किंवा कुटुंबाच्या शेअरशी संबंध असलेली ६८५ प्रकरणे १३१ न्यायाधीशांनी २०१० पासून चालवली होती. शेअर ब्रोकर सांभाळतो, यादीत कंपनीचे नाव वेगळ्या स्पेलिंगने होते, लक्षातच आले नाही, अशी कारणे त्यांनी दिली. ती बहुतेक खरीही असतील. पण वर्षानुवर्षे कोणी ताडून पाहिले नव्हते, कारण विवरण मिळवायला अर्ज करा आणि वाट पाहा, असा कारभार होता. मे २०२२ च्या कायद्याने ती शोधता येतील अशी ऑनलाइन ठेवणे आणि हजार डॉलरांवरचे रोख्यांचे व्यवहार ४५ दिवसांत कळवणे सक्तीचे केले. आपल्या सर्वोच्च न्यायालयाच्या संकेतस्थळावरची विवरणे कुणी खटल्यांशी अशी ताडून पाहील, असा नमुना त्यात नाहीच.

सुरक्षेचा आक्षेप मात्र मी हलका मानत नाही. जुलै २०२० मध्ये न्यू जर्सीतल्या न्यायाधीश एस्थर सालास यांच्या घरी, त्यांच्यासमोर पूर्वी काम चालवलेला एक वकील पार्सलवाला बनून आला आणि त्याने त्यांच्या मुलाला गोळ्या घातल्या. त्यानंतर तिथे न्यायाधीशांचे पत्ते लपवण्याचा कायदा झाला. आपल्याकडेही असे घडू शकते. पण गाव सांगा, घर नको, एवढ्याने हा प्रश्न सुटतो. आणि तसे पाहिले तर आजही गट नंबर माहीत असेल तर कुणाचाही सातबारा मोबाइलवर निघतो, न्यायाधीशाचाही. लपून काही नाही, फक्त विखुरलेले आहे, आणि ते गोळा करायची ताकद मोठ्या पक्षकाराकडे असते, साध्याकडे नसते.

दुसरा आक्षेप अधिक चलाख आहे. नको असलेला न्यायाधीश टाळायला लोक याच यादीचा वापर करतील. भावाच्या पतसंस्थेत मुद्दाम ठेव टाकतील, भाच्याला वकील म्हणून उभा करतील. माहिती अधिकाराचे दुकान थाटून बसलेले लोक आपण तालुक्या-तालुक्यात पाहतो, ते यावर तुटून पडतील, हे मान्य करावेच लागेल. उत्तर एकच, दावा दाखल झाल्यानंतर पक्षकाराने निर्माण केलेला संबंध धरायचा नाही, आणि बाजूला व्हायचे की नाही हे दोन ओळींत कारण देऊन लिहायचे. अर्ज खोडसाळ असेल तर खर्च बसवायचा. न्यायाधीशाच्या त्रासाची भीती खरी आहे, पण आज बार रूममध्ये जी कुजबुज चालते तिचा त्रास काय कमी आहे? तिथे तर न्यायाधीशाला उत्तर द्यायची सोयही नाही. राहता राहिला चांगले वकील पद नाकारतील हा आक्षेप. ज्याला भावाच्या कारखान्याचे नाव सांगायचे नाही म्हणून न्यायमूर्तिपद नको, त्याने ते न घेतलेलेच बरे.

राहिले न्यायमूर्तिपदाचे उमेदवार. अमेरिकेतल्या अनेक राज्यांत न्यायाधीश निवडून येतात, आणि त्याचे परिणाम वेस्ट व्हर्जिनियात दिसले. मॅसी एनर्जी या कोळसा कंपनीविरुद्ध पाच कोटी डॉलरांचा निकाल लागला होता. अपील राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात जाणार, तेवढ्यात २००४ ची निवडणूक आली. कंपनीच्या प्रमुखाने एका उमेदवारासाठी सुमारे तीस लाख डॉलर खर्चले, तो निवडून आला, बाजूला व्हायला नकार देऊन त्याने काम चालवले आणि ३ विरुद्ध २ मतांनी कंपनी जिंकली. २००९ मध्ये अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाने, तेही ५ विरुद्ध ४ मतांनी, सांगितले की त्याने बाजूला व्हायला हवे होते. आपल्याकडे निवडणूक नाही हे बरेच आहे. पण तिथे तीस लाख डॉलर कुठून आले ते सगळ्यांना दिसले, इथे कॉलेजियमच्या, म्हणजे न्यायमूर्ती निवडणाऱ्या ज्येष्ठ न्यायमूर्तींच्या मंडळाच्या, दाराआड उमेदवाराबद्दल काय पाहिले जाते ते कोणालाच दिसत नाही. ५ मे २०२५ लाच सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२२ पासूनच्या शिफारशींची यादी प्रसिद्ध केली, आणि तिच्यात उमेदवार आजी-माजी न्यायमूर्तींचा नातेवाईक आहे का हा रकाना होता. ही मोठी गोष्ट आहे. नाते जाहीर करता येते तर हितसंबंध का नाही?

यासाठी संसदेची वाट पाहायचीही गरज नाही. जिल्हा न्यायालयांवर घटनेच्या २३५ व्या अनुच्छेदाने उच्च न्यायालयाचे नियंत्रण आहे. मुंबई उच्च न्यायालयाने ठरवले तर नमुना बदलून तो प्रत्येक जिल्हा न्यायालयाच्या संकेतस्थळावर लावणे हे एका परिपत्रकाचे काम आहे. आपल्या न्यायमूर्तींसाठी आणि शिफारस करायच्या वकिलांसाठीही तोच नमुना ठेवता येईल.

वकिलांसाठी मात्र त्यात एक जादा रकाना हवा: गेल्या पाच वर्षांत ज्या संस्थांची कायम वकिली केली त्यांची नावे. वीस वर्षे एखाद्या कारखान्याच्या वकिलांच्या पॅनेलवर असलेला माणूस न्यायमूर्ती झाल्यावर त्या कारखान्याचे काम त्याच्यापुढे येणारच, आणि ही गोष्ट त्याच्या शेतीवाडीपेक्षा पक्षकाराच्या जास्त कामाची आहे. याला सर्वांत जास्त विरोध बार असोसिएशनांतूनच होईल. अशिलाची माहिती गोपनीय असते, असे सांगितले जाईल. अशिलाने काय सांगितले ते गोपनीय असते. अशील कोण होते ते वकालतनाम्यावर लिहिलेले असते, आणि वकालतनामा कोर्टाच्या फाइलमध्ये असतो.